आधी प्लेअर बघा, मग सॉफ्टवेअर

"काय्येक दिसणा नाय," म्हणत माणगाव खोऱ्यातल्या एक काकी चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी कुडाळला माझ्या स्टुडिओत आल्या आणि पिशवीतून एक डिस्क काढून काउंटरवर ठेवली. मुंबईच्या नातवाने आपल्या मुलीच्या बारशाचे व्हिडिओ हौसेने डीव्हीडीत भरून दिले होते. त्याच्या लॅपटॉपवर लागत होते, काकींच्या प्लेअरवर लागत नव्हते.

डिस्क लावून पाहिली तर आत सात एमपी४ फायली, मोबाइलमधून उचलल्या तशाच. पोराचं फार चुकलं नव्हतं. विंडोज विचारतं, ही डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरणार की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? त्याने दुसरा पर्याय निवडला. कुणीही तोच निवडेल. पण त्याने व्हिडिओचा प्रकार बदलत नाही. फायली आहेत तशा लिहून डिस्क बंद होते, इतकंच. काकींचा प्लेअर पंधरा वर्षांपूर्वीचा. एमपी४ कशाशी खातात हे त्याला कुठून ठाऊक असणार?

'कन्व्हर्ट करून डीव्हीडी मारायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?' हे मला सारखं विचारलं जातं. लग्नाची शूटिंग नव्याने धरलेली मुलं तर हमखास विचारतात. मी उलट विचारतो, डिस्क कुणाच्या घरात लागणार आहे? त्याचं उत्तर नसेल तर पुढचं बोलण्यात अर्थ नाही. नव्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावणाऱ्या माणसाला डीव्हीडी करून देणं म्हणजे चांगला व्हिडिओ मुद्दाम खराब करणं आहे. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६. आजचा साधा मोबाइल १९२० बाय १०८० काढतो. आकडे गुणून बघा, पाचातला एक ठिपका उरतो.

म्हणून आधी प्लेअरची पुढची पट्टी वाचा. यूएसबीचं भोक आहे आणि शेजारी 'डिव्हएक्स' लिहिलंय, तर डिस्कची गरजच नसेल. असे प्लेअर बहुधा एव्हीआय फाइल वाचतात, आत चित्र एक्सव्हिड किंवा डिव्हएक्स आणि आवाज एमपी३. मोबाइल व्हिडिओ दाबून साठवतो ती रीत, एच.२६४, त्यांना झेपत नाही. 'एव्हीडीमक्स' हे फुकटचं सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. रुंदी ७२० वर आणायची आणि पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा. फॅट३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, पण या प्रकारात तेवढी मोठी होतही नाही.

भोक नसेल, किंवा घरातली म्हातारी माणसं "आमका डिस्कच दी" म्हणत असतील, तर मग खरी डीव्हीडी करायची. खरी म्हणजे काय? चित्र एमपेग-२ या डीव्हीडीच्या ठरलेल्या प्रकारात, आवाज ४८ किलोहर्ट्झचा, एसी-३ किंवा एमपी२ किंवा पीसीएम, आणि हे सगळं 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा फायलींत मांडलेलं. कुणी दिलेली डिस्क कॉम्प्युटरवर उघडा. आत हे फोल्डर दिसलं तर ती डीव्हीडी. नाही दिसलं तर ती फायलींची पेटी.

यात कामं तीन आहेत. फाइल एमपेग-२ मध्ये बदलणं, बदललेलं डीव्हीडीच्या रचनेत मांडणं, आणि मांडलेलं डिस्कवर जाळणं, म्हणजे लिहिणं, ज्याला बर्न म्हणतात. 'एका क्लिकमध्ये सगळं' म्हणणारी सॉफ्टवेअरं तिन्ही करतात, पण तिसरं बिघडलं की पहिल्यापासून पुन्हा करायला लावतात. आमच्याकडे आषाढात बर्न करताना वीज जाणं ही काही बातमी नव्हे. दोन तास कन्व्हर्ट केलेलं वाया घालवायचं नसेल, तर मधे आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फायलीतली प्रत, बनवून देणारं सॉफ्टवेअर निवडा. डिस्क मेली तर नवी घालून दहा मिनिटांत पुन्हा जाळता येते. सॉफ्टवेअर घेताना मी सगळ्यात आधी हेच बघतो. रंगीत मेनूची टेम्प्लेटं किती, ते शेवटी.

आता नावं सांगतो. मी रोज वापरतो ते 'डीव्हीडी स्टायलर'. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. नवा प्रोजेक्ट उघडला की ते डिस्कची क्षमता, पाल की एनटीएससी (हे पुढे येईल), चित्राची रुंदी-उंची ४:३ की १६:९, आवाज कुठला, एवढं विचारतं. फायली ओढून खाली टाकायच्या, आणि बर्न दाबलं की नुसतं फोल्डर हवं, आयएसओ हवी की थेट डिस्क, हे निवडायचं. दिसायला साधं आहे, पण काय करतंय ते लपवत नाही.

विंडोजवर 'डीव्हीडी फ्लिक' अजून बरेच जण वापरतात. २००९ नंतर त्याची नवी आवृत्ती नाही, तरी साध्या कामाला चालतं. मात्र अशा जुन्या सॉफ्टवेअरांना मराठी नावाच्या फायली दिल्या की ती अडखळतात. 'आईची साठी' नावाचं फोल्डर असेल तर त्याचं इंग्रजी अक्षरांत नाव करा, मधे जागाही सोडू नका, आणि थेट डी ड्राइव्हवर ठेवा. हा उपाय मला एका दुपारभर डोकं आपटल्यावर सापडला. जाळण्यासाठी 'इमेजबर्न'. त्याचीही २०१३ नंतर आवृत्ती आलेली नाही, पण आयएसओ जाळायला मला अजून त्याहून भरवशाचं मिळालं नाही. काम झाल्यावर ते एक छोटी धून वाजवतं. रात्री दुकानात पंचवीस कॉप्या मारत बसलेलो असलो की ती धून वाजल्यावरच डोळे उघडतात.

'हँडब्रेक'बद्दल गैरसमज फार. लोक ते डीव्हीडीसाठी म्हणून उतरवून घेतात आणि बटण शोधत बसतात. ते डीव्हीडी बनवतच नाही, एमपी४, एमकेव्ही अशा फायली बनवतं. तरीही माझ्या मशिनवर ते पहिल्या रांगेत आहे. का, ते पुढे येईल.

विंडोज व्हिस्टा आणि ७ च्या काही आवृत्त्यांत 'विंडोज डीव्हीडी मेकर' आयतं मिळायचं, विंडोज ८ पासून ते गेलं. मॅकवरचं 'आयडीव्हीडी' २०११ च्या सुमारास बंद पडलं. लिनक्सवाल्यांना 'डेव्हेडे' आणि 'के३बी' आहेत, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नसते.

पैसे मोजून घ्यावं का? मी एकदा घेतलंय आणि पस्तावलोय, नाव सांगत नाही. घाई होती म्हणून आधी त्याची ट्रायल वापरली. कणकवलीच्या एका लग्नाची डिस्क पोचती केली आणि संध्याकाळी नवरीच्या वडलांचा फोन: सप्तपदीपासून मुलीच्या तोंडावर कसलं तरी इंग्रजी लिहिलंय. ट्रायलचा शिक्का पहिल्या काही मिनिटांनंतर उमटत होता आणि मी तेवढीच मिनिटं बघून डिस्क दिली होती. मग विकत घेतलं, तर परवाना एका वर्षाचा. तेव्हापासून माझा नियम असा की ट्रायल घेतलीच तर पूर्ण लांबीची फाइल टाकून शेवटपर्यंत पळवत बघायची. काही ट्रायली अर्धीच फाइल कन्व्हर्ट करतात, काही मधोमध नाव छापतात. आणि उतरवताना सॉफ्टवेअरच्या मूळ साइटवरूनच उतरवा. भलत्याच पानावरचं हिरवं मोठ्ठं डाउनलोडचं बटण बहुतेक वेळा जाहिरातीचं असतं. इन्स्टॉल करताना 'पुढे, पुढे' दाबत सुटू नका, मधल्या एखाद्या पानावर नको असलेल्या पाहुण्याच्या नावापुढे आधीच टिचकी केलेली असते.

आता मुख्य हिशेब. हा जमला की कुठलंही सॉफ्टवेअर चालेल आणि नाही जमला तर महागातलंही चालणार नाही. उदाहरण दशावताराचं घेतो, कारण त्यातच माझी सगळ्यात जास्त परीक्षा झाली. जत्रेतलं एक आख्यान मी शूट केलं, लांबी तीन तास दहा मिनिटं. मंडळींना एकाच डिस्कवर हवं होतं.

साध्या डिस्कवर ४.७ जीबी. कॉम्प्युटर तीच ४.३७ दाखवतो, त्यात फसवणूक नाही, मोजायची रीत वेगळी. ४.७ ला ८ ने गुणलं की ३७.६, म्हणजे ३७,६०० मेगाबिट. तीन तास दहा मिनिटं म्हणजे ११,४०० सेकंद. भागाकार ३.३. म्हणजे दर सेकंदाला ३.३ मेगाबिट, यालाच बिटरेट म्हणतात. त्यातले ०.२ आवाजाला गेले, थोडी जागा डीव्हीडीच्या रचनेला सोडली, चित्राला उरले तीनच्या आतबाहेर. डीव्हीडीत चित्राला ९.८ पर्यंत देता येतात. बसून मुलाखत देणाऱ्या माणसाला तीन पुरतील. पण दशावतारात काळोखातून राक्षस येतो, मृदंग-झांजेचा जोर वाढतो, गिरक्या घेत युद्ध सुरू होतं, मागे झगमगता पडदा. सगळंच एकदम हलतं. तीन मेगाबिटमध्ये राक्षसाचा मुकुट चौकोनी ठोकळ्यांचा झाला आणि तलवारी तर नुसते डागच. पेटीचा आवाज मात्र उत्तम.

दोन डिस्कवर केलं. पंच्याण्णव मिनिटांची एक, म्हणजे चित्राला सहा मेगाबिट. मुकुटावरचे आरसे मोजता आले. तोडायचं कुठे, हे मात्र सॉफ्टवेअरला विचारू नका. ते वेळ बघून वाक्याच्या मधेच तोडतं. मी पेटीवाल्याने पद संपवल्याची जागा शोधली. दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्क हाही मार्ग आहे, पण ती महाग, इथे सहज मिळत नाही, आणि काही जुने प्लेअर थर बदलताना अडकतात.

माझा ढोबळ अंदाज: सव्वा तासापर्यंत झकास, दोन तासांपर्यंत ठीक, त्यापुढे नाचगाणी असतील तर दुसरी डिस्क घ्या. सॉफ्टवेअरमध्ये बिटरेट 'ऑटो' असतो, तो हाच भागाकार करतो. त्यामुळे 'एका डिस्कवर पाच तास बसवतो' असं कुणी सॉफ्टवेअर म्हणालं तर ते खोटं बोलत नाही, फक्त काय दिसेल ते सांगत नाही.

हँडब्रेकचं राहिलं. मोबाइल दर सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम काढतोच असं नाही. मांडवात अंधार झाला, फोन तापला, की तो हळूच कमी-जास्त करतो. मोबाइलवर बघताना कळत नाही, डीव्हीडी करताना कळतं. एका लग्नात मुलाच्या मामांनी फोनवर सलग पन्नास मिनिटं काढलं होतं, तेही डिस्कवर हवं होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा अंतरपाट दूर झाला, हार घालून झाले, टाळ्या वाजल्या, आणि मग भटजींचं "सावधान" ऐकू आलं. घरच्यांनी हसून घेतलं म्हणून निभावलं. उपाय असा की मोबाइलची फाइल आधी हँडब्रेकमधून काढायची, फ्रेमरेट 'कॉन्स्टंट', म्हणजे एकसारखा, ठेवायचा, गुणवत्ता चढी ठेवायची, आणि येणारी एमपी४ डीव्हीडी स्टायलरला द्यायची. एक पायरी वाढते, वेळ जातो, पण ओठ आणि आवाज जुळतात.

इथेच पाल-एनटीएससीचा प्रश्न येतो. या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती. आपल्याकडे पाल, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेत एनटीएससी, ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम. न्यू जर्सीला मुलीकडे डिस्क पाठवायची असेल तर एनटीएससीच करा, तिकडचे बरेच प्लेअर पाल दाखवत नाहीत. उलट आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही दाखवतात. म्हणून ३० फ्रेमच्या मोबाइल व्हिडिओसाठी मी इथल्या गिऱ्हाइकालाही कधीकधी एनटीएससीच देतो. ३० च्या २५ करताना सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम गाळतं आणि चालणारी माणसं धक्के खात चालतात. ओळी थोड्या कमी मिळतात, पण चाल सरळ राहते. हे माझं मत. प्रत्येक स्टुडिओवाला मान्य करणार नाही. विकतच्या डिस्कवर असतो तो रिजनचा, म्हणजे ठरावीक देशांतच चालण्याचा, अडथळा घरी केलेल्या डिस्कला नसतो, त्याची काळजी नको.

१६:९ आणि ४:३ मध्ये घोळ झाला की नवरदेव एक तर ताडमाड होतो नाहीतर चपटा. मोबाइल आडवा धरलेला असेल तर १६:९. उभा धरलेला असेल तर दोन्ही बाजूंना काळं येणारच, ते ताणून भरायला जाऊ नका. जुना डबा टीव्ही चारही बाजूंनी चित्राची थोडी कड खातो, त्यामुळे नावं काठाला लिहू नका. मेनू करायचा तर मराठी अक्षरं डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिण्यापेक्षा आधी चित्र म्हणून बनवून मागे लावा, जोडाक्षरं तुटत नाहीत. आणि म्हाताऱ्यांसाठी मेनू ठेवूच नका. डिस्क घातली की सुरू झाली पाहिजे, रिमोटवरचे बाण शोधायला लावू नका. मात्र पहिली क्लिप संपल्यावर दुसरी आपोआप लागते का, हे प्रोजेक्टमध्ये तपासा.

जाळण्याबद्दल थोडक्यात. १६एक्स लिहिलेली डिस्क मी ८एक्सने जाळतो. अगदी कमी वेगाने डिस्क जास्त टिकते हा समज आहे, आजच्या डिस्क त्या वेगासाठी बनलेल्याच नसतात. 'व्हेरिफाय'वर टिचकी ठेवा, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासलं जातं. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-प्लस-आरपेक्षा डीव्हीडी-आर घ्या. बाहेरून जोडायचा रायटर असेल तर तो थेट लॅपटॉपला जोडा, हबला नको, वीज कमी पडते आणि मधेच डिस्क मरते. पावसाळ्यात इन्व्हर्टर चालू असल्याशिवाय मी बर्न दाबत नाही. मेलेल्या डिस्क माझ्याकडून शेजारी नेतो आणि माकडं घाबरावीत म्हणून परसातल्या वालीच्या मांडवाला टांगतो. माकडं घाबरतात असं त्याचं म्हणणं आहे.

पहिला प्रयोग मात्र नेहमी पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर करा. पाच मिनिटांचा तुकडा घ्या, त्यात नाच असू दे, बोलणं असू दे, एक अंधारी जागा असू दे. मग ती डिस्क ज्या घरात लागणार त्याच प्लेअरवर लावून बघा. प्लेअरने आरडब्ल्यू घेतली नाही तर एक साधी डिस्क वाया गेली समजा, पंचवीस जाण्यापेक्षा बरं.

काकींचं काम तासाभरात झालं. सात क्लिपा मिळून अडतीस मिनिटं, बिटरेटची चिंताच नव्हती. मेनू नाही, पाल, १६:९. डिस्कवर कागदी लेबल चिकटवलं नाही, ते फिरताना तोल बिघडवतं आणि आमच्या दमटपणात सुटतं. सीडी मार्करने तारीख आणि 'बारसा' एवढंच लिहिलं. आयएसओ माझ्या हार्डडिस्कवर ठेवून दिली आहे. काकींच्या घरी डिस्क टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालावर उघडीच असते आणि सुट्टीत पोरं ती बोटात घालून फिरवतात. मे महिन्यात दुसरी कॉपी मागायला त्या येणारच आहेत.